सनीचे इंजिन, कुर्ल्याची मोटार : १९८५ साली 'लक्झरी' कशाला म्हणत?

थ्रेड लांब आहे, चहा घेऊन बसा.

'आलिशान मोटार' म्हटले की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे टोयोटाची सेंच्युरी उभी राहते. टोयोटा उद्योगसमूहाचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६७ मध्ये, ही मोटार आली आणि म्हणूनच तिचे नाव 'शतक'. पुढच्या जाळीवर फिनिक्स पक्ष्याची मुद्रा, बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे इंजिन, खिडक्यांना जाळीदार पडदे. बैठकींना चामड्याऐवजी लोकरीचे कापड पसंत केले जाई. कारण चामडे करकरते आणि लोकर आवाज करीत नाही. मालक मागे बसणार हे गृहीत धरूनच ही गाडी घडवली होती. तिच्या दोन वर्षे आधी, १९६५ मध्ये, निसानने 'प्रेसिडेंट' आणली होती. तिच्या मोठ्या आवृत्तीचे इंजिन चार लिटरचे होते.

याच निसानचे एक इंजिन १९८५ मध्ये मुंबईच्या मोटारउद्योगात आले आणि त्याच्या जोरावर एक गाडी भारतातील 'लक्झरी' गाड्यांच्या पंक्तीत जाऊन बसली. मात्र हे इंजिन प्रेसिडेंटचे नव्हते. ते होते १,१७१ सीसीचे, म्हणजे प्रेसिडेंटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. गाडीचे नाव प्रीमियर ११८ एनई. त्यातील 'एनई' म्हणजे निसान इंजिन.

जपानमध्ये सामान्य कुटुंबासाठी घडवलेली वस्तू आपल्याकडे ऐश्वर्याचे चिन्ह कशी झाली, हा आजचा विषय. मोटारींची आवड नसलेल्यांनीही वाचावे. खरे तर ही परवान्यांची, परकीय चलनाची आणि लोखंडी साच्यांची गोष्ट आहे.

सुरुवात वालचंद हिराचंद यांच्यापासून करावी लागते. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. भारतात संपूर्ण मोटार घडवण्याची योजना आधी मांडली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी, १९३०च्या दशकात. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तिला सहानुभूती दाखवली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. परदेशी सहकारी शोधण्यासाठी ते १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. याच प्रवासात विमानात विल्यम पॉली हा गृहस्थ भेटला आणि त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळूरचा विमानकारखाना उभा राहिला. मोटारींसाठी निघालेल्या माणसाच्या हातून विमाने आधी व्हावीत, हा इतिहासाचा खास खट्याळपणा! मोटारकारखान्याला महायुद्धामुळे सरकारची साथ मिळेना. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली.

त्या वेळी मुंबईत परदेशी स्पर्धक होतेच. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जुळवीत असे. परंतु नुसते सुटे भाग आणून जुळणी करायची, देशात काही घडवायचे नाही, हे स्वतंत्र भारताला मान्य नव्हते. प्रशुल्क आयोगाने १९५३ मध्ये याच आशयाची शिफारस केली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. प्रीमियरने फियाटचा हात धरला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात होऊ लागली. हीच गाडी रूपे पालटीत १९६४ ची 'डिलाइट', सत्तरच्या दशकातील 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि शेवटी चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी' झाली. म्हणजे 'प्रेसिडेंट' जपानातही होती आणि कुर्ल्यातही! एक चार लिटरची, दुसरी १,०८९ सीसीची.

आता त्या काळातील अर्थव्यवस्थेकडे वळू. किती गाड्या काढायच्या, कोणता भाग आयात करायचा, त्यासाठी किती परकीय चलन द्यायचे, हे सारे दिल्लीत ठरे. १९६९ मध्ये तर केंद्राने गाडीची विक्रीची किंमतही आदेश काढून बांधून दिली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मोटारीचा रास्त भाव किती, यावर न्यायमूर्तींना काथ्याकूट करावा लागला. ग्राहक पैसे भरून नंबर लावी आणि वर्षानुवर्षे वाट पाही. सरकारी परिभाषेत मोटार हीच मुळी चैनीची वस्तू होती. साधी मोटार आणि आलिशान मोटार हा भेद करायला बाजार शिल्लक होता कुठे?

'भारतीय कारखानदार आळशी होते, तीच गाडी तीस वर्षे विकत राहिले' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. मला ते अर्धेच पटते. मोटारीचा सर्वांत खर्चिक भाग तिचे इंजिन असेल असे आपल्याला वाटते. नवी गाडी आणताना अनेकदा त्याहून मोठा खर्च पत्र्याला आकार देणाऱ्या डायचा, म्हणजे साच्यांचा असतो. दरवाजा, छत, बॉनेट, मडगार्ड, प्रत्येकाचे अवजड पोलादी साचे वेगळे. एकदा केले की त्यांतून लाखो नग निघू शकतात. पण त्यांचा खर्चही लाखो नगांवर विभागला जावा लागतो. ज्या देशात परवान्यामुळे एका कारखान्यातून वर्षाला काही हजारच गाड्या निघणार, तिथे नवे साचे करणे म्हणजे भर पावसात पापड वाळत घालणे. मग मार्ग उरतो तो परदेशात सेवानिवृत्त झालेल्या साच्यांचा.

प्रीमियरला असे साचे मिळाले ते स्पेनमधून. मूळ गाडी फियाट १२४. ती १९६६ मध्ये इटलीत आली आणि १९६७ ची युरोपातील सर्वोत्कृष्ट मोटार ठरली. दिसायला अगदी पेटीसारखी, लहान मुलाला मोटार काढायला सांगितली तर तो काढील तशी. तिची खुबी त्या पेटीतच आहे. छत सपाट आणि बाजू उभ्या असल्यामुळे बाहेरून लहान गाडीत आत चार मोठी माणसे ऐसपैस बसतात, काचा मोठ्या असल्याने उजेड भरपूर, डिकी खोल. मागच्या चाकांना पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा असल्यामुळे खड्ड्यातला धक्का थेट पाठीत येत नाही. पद्मिनीच्या मागच्या बाकावरून घाट चढलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते हा फरक माझ्यापेक्षा चांगला सांगतील.

या पेटीने जग पालथे घातले. सोव्हिएत संघाने १९६६ मध्ये फियाटशी करार केला आणि व्होल्गाकाठच्या तोल्याती शहरात १९७० पासून तिची रशियन बहीण होऊ लागली, तीच पुढे लाडा म्हणून गाजली. रशियनांनी पत्रा जाड केला आणि मागचे डिस्कब्रेक काढून ड्रम बसवले, कारण त्यांचे रस्ते इटलीचे नव्हते. स्पेनमध्ये सेआट कंपनीने ती १९६८ ते १९८० या काळात घडवली. मध्यंतरी जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन रचनाकाराने तिचा चेहरा बदलला आणि गोल दिव्यांच्या जागी चौकोनी दिवे आले. स्पेनमधले उत्पादन थांबल्यावर हे साचे मुंबईला आले. म्हणूनच ११८ एनईचा चेहरा लाडापेक्षा सेआटशी जुळतो.

त्या अंगात प्राण मात्र जपानी. निसानने १९६६ मध्ये 'सनी' ही छोटी गाडी आणली, तेव्हा नाव सुचवण्यासाठी जनतेलाच आवाहन केले होते. लाखो पत्रे आली. त्याच वर्षी टोयोटाने कोरोला काढली आणि आपले इंजिन सनीपेक्षा शंभर सीसीने मोठे असल्याची जाहिरात केली. हा शंभर सीसींचा टोमणा निसानला झोंबला. १९७० च्या नव्या सनीत १,१७१ सीसीचे ए-१२ इंजिन बसवून तिने परतफेड केली. ७३ मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, पिस्टनची धाव त्याहून कमी, ७० मिलिमीटर; त्यामुळे इंजिन जलद फिरायला राजी. झडपा उचलण्याची पद्धत मात्र जुनीच, पुशरॉडची, म्हणून दुरुस्तीला सोपे.

जपानी मध्यमवर्गाच्या पहिल्या मोटारीसाठी दोन कंपन्यांत जुंपलेल्या चढाओढीचे हे अपत्य पंधरा वर्षांनी भारतात आले. सोबत निसानचाच गिअरबॉक्स. पद्मिनीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे, हे ५२ चे. पद्मिनीचा गिअर बहुतेकांनी स्टिअरिंगच्या दांड्यावर ओढलेला, इथे तो खाली, दोन आसनांच्या मध्ये.

त्या काळी कंपनीची धुरा विनोद दोशी यांच्याकडे होती. पुण्यातील नाट्यमहोत्सवामुळे आज नाटकवाल्या तरुणांना हे नाव ठाऊक असते, मोटारींमुळे क्वचितच.

हे सारे १९८५ मध्येच का घडले? मारुती आणि सुझुकीचा करार १९८२ चा. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि जपानी इंजिन कसे चालते हे भारतीयांना प्रथमच कळले. दिल्लीचे धोरणही सैलावत होते. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटिश व्हॉक्सहॉलच्या साच्यांवर काँटेसा काढली आणि पुढे तिच्यात इसुझूचे इंजिन बसवले. मद्रासच्या स्टँडर्डने रोव्हरची गाडी आणली. युरोपचा जुना पत्रा आणि जपानचे इंजिन, हा त्या दशकाचा ठरीव नमुनाच म्हणायचा. इंजिन नवे घेणे परवडे, अंग नवे घेणे परवडत नसे.

आणि नेमके त्याच वर्षी, २२ सप्टेंबर १९८५ रोजी, न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचे अर्थमंत्री बसले आणि डॉलर उतरवण्याचे ठरवून उठले. त्यात जपानही होता. एका डॉलरला तेव्हा सुमारे २४० येन मिळत, वर्षभरात ते दीडशेच्या घरात आले. जपानहून आणायची प्रत्येक वस्तू महागली. त्याच सुमारास टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी यांच्या सहकार्याने भारतात हलक्या मालमोटारींचे चार कारखाने निघाले होते. त्यांचे हिशेब येनने कोलमडून टाकले. त्यांपैकी ऑल्विन-निसान पुढे महिंद्रात विलीन झाली, डीसीएम-टोयोटा कोरियाच्या देवूकडे गेली. जपानी इंजिनाभोवती गाडी उभारणाऱ्या कोणालाही ही झळ चुकण्यासारखी नव्हती. आपल्याकडे आर्थिक इतिहास १९९१ पासून सांगायची सवय झाली आहे. प्लाझा कराराची तारीख त्यात सहसा नसते. ती असायला हवी, असे मला वाटते.

कल्याण-डोंबिवलीकरांसाठी आता घरचा भाग. टिटवाळ्याला महागणपतीपुढे हार घालून नव्या गाड्या पूजेला येतात, त्यांत आज जगातल्या सगळ्या कंपन्यांची नावे दिसतात. पण या परिसराने स्वतः मोटारी घडवल्या आहेत हे माझ्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते. कल्याण-शीळ रस्त्यावर, डोंबिवलीजवळ, प्रीमियरचा कारखाना होता. उदारीकरणानंतर प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि प्यूजो ३०९ इथून बाहेर पडू लागली. ही गाडी युरोपात १९८५ ची. तिकडे तिचे उत्पादन १९९३ मध्ये संपले आणि लगोलग ती आपल्याकडे आली. साच्यांची जुनीच रीत, फक्त आता ग्राहक बदलला होता. देवू, फोर्ड, ओपेल अशा ताज्या गाड्या दारात उभ्या असताना जुना पत्रा कोण घेणार? भरीला कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील तंटा आणि विक्रेत्यांची नाराजी. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. कुर्ल्याचा कारखाना त्याच वर्षी फियाटच्या ताब्यात गेला. ११८ एनई या पडझडीत कधी दिसेनाशी झाली, कोणी फारसे विचारलेही नाही. पद्मिनीला निदान टॅक्सीने तारले. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. ११८ एनईच्या वाट्याला तेवढेही आले नाही. डोंबिवलीत 'प्रीमियर कॉलनी' आणि 'प्रीमियर मैदान' ही नावे मात्र पत्ता सांगताना अजून कानांवर येतात, सभांच्या फलकांवर दिसतात.

राहता राहिले ते इंजिन. ए-१२ जपानमध्ये १९८५ नंतरही बनत होते. निसान ते 'सनी ट्रक' नावाच्या छोट्या मालवाहू गाडीत बसवीत असे, थेट १९९४ पर्यंत. मुंबईतला शेठ ज्या इंजिनाच्या गाडीतून मलबार हिलला जात होता, तेच इंजिन त्याच सकाळी जपानच्या कुठल्याशा मंडईत भाजीपाला पोचवीत होते.