महामारी आणि मुलांची मोजणी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग अधिनियम संमत केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात प्रवाशांची तपासणी, संशयितांचे विलगीकरण, आज्ञाभंगाबद्दल शिक्षा आणि अधिकाऱ्यांना संरक्षण यांची तरतूद होती. ज्याचे आईवडील साथीत गेले, त्या मुलाने कोणाच्या दारी जावे, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

कायद्याने सोडलेली ही जागा काही व्यक्तींनी भरून काढली. सावित्रीबाई फुले यांनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर हडपसरनजीक प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास पंडिता रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागांतून निराधार मुलींना आणीत होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा रमाबाईंनी त्यांची व्यवस्था केडगावला केली. पुढे तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या आपल्या आश्रमातील एका मुलीच्या बाबतीत जे घडले, त्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रारही केली. आश्रय देणाऱ्याने बालकाच्या वतीने सत्तेला जाब विचारला पाहिजे, ही जाणीव त्या तक्रारीत आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा केंद्राने राज्यांना याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेण्यास सांगितले. दरम्यान १२३ वर्षे लोटली होती. बालकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदे झाले होते, बाल कल्याण समित्या होत्या, १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक होता. तरीही पहिल्या आठवड्यांत मुलांकडे लक्ष वेधण्यासाठी न्यायालयाला पुढे यावे लागले.

शाळा बंद झाल्या तेव्हा केवळ अध्यापन थांबले नाही. देशातील सुमारे साडेअकरा कोटी मुलांचे माध्यान्ह भोजन शाळेशी बांधलेले होते. १८ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, हे अन्न मुलांपर्यंत कसे पोहोचविणार, अशी राज्यांना विचारणा केली. केरळने अंगणवाडीचा शिधा घरोघरी पोहोचविण्यास आरंभ केला होता. अनेक राज्यांनी पुढे कोरडा शिधा किंवा त्याचा खर्च देण्याचा मार्ग पत्करला. ३ एप्रिल रोजी न्यायालयाने बालगृहांकडे लक्ष वळविले. दाटीवाटीच्या संस्थांतील मुलांना संसर्गापासून कसे जपावे, कोणाला कुटुंबात परत पाठविता येईल आणि पाठविलेल्यांची विचारपूस कोणी करावी, याविषयी त्याने निर्देश दिले.

दुसऱ्या लाटेने प्रश्न अधिक तीव्र केला. मे २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर अनाथ बालकांना ‘दत्तक घ्या’ अशी आवाहने फिरू लागली. त्यांमागे पुष्कळदा करुणा होती. पण कायद्याला वगळून दिलेले मूल कोणाच्या हाती पडेल, याची शाश्वती नव्हती. म्हणूनच अशा मुलांची माहिती बाल कल्याण समितीला किंवा १०९८ वर द्यावी, असे शासनाला पुनःपुन्हा सांगावे लागले. २८ मे रोजी न्यायालयाने मार्च २०२० नंतर अनाथ झालेल्या मुलांचा शोध घेऊन त्यांची नोंद करण्याचा आणि पुढील आदेशाची वाट न पाहता त्यांच्या निर्वाहाची सोय करण्याचा आदेश राज्यांना दिला. दुसऱ्याच दिवशी केंद्राने अनाथ बालकांसाठी योजना घोषित केली. तीत वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रानेही जूनमध्ये दोन्ही पालक गमावलेल्यांसाठी ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली.

नोंद झाली आणि वास्तवाचे खरे स्वरूप दिसले. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२२ या काळात, कोणत्याही कारणाने, दोन्ही पालक गमावलेली सुमारे १० हजार मुले राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या नोंदीत होती. एक पालक गमावलेली मुले मात्र १ लाख ३६ हजारांहून अधिक होती. मोठ्या योजनांचा भर पहिल्या गटावर राहिला. ज्या घरात कमावता बाप गेला आणि आई उरली, त्या घरातील मुलाचे शिक्षण केव्हा तुटेल आणि मुलीचे लग्न केव्हा लावून दिले जाईल, हे अनाथांच्या यादीवरून कळत नाही. ते प्रथम कळते वर्गशिक्षकाला, हजेरीपटावरून.

शतकाच्या अंतराने आलेल्या या दोन्ही साथींचा धडा एकच आहे. महामारीत मुलाला रोगाइतकेच भय विस्मरणाचे असते. १८९७ मध्ये त्याची आठवण ठेवणारी माणसे होती, यंत्रणा नव्हती. २०२१ मध्ये यंत्रणा होती, पण तिला मुले मोजण्याची आठवण करून द्यावी लागली. शाळा ही या दोहोंना जोडणारी संस्था आहे. प्रत्येक मुलाचे नाव रोज उच्चारणारी तिच्यासारखी दुसरी संस्था समाजात नाही.

२०२१ मध्ये पाच वर्षांचे असताना पोरके झालेले मूल २०३४ मध्ये अठरा वर्षांचे होईल. साथ ओसरली असली तरी त्याच्या वाट्याचा काळ अद्याप संपलेला नाही. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या शाळेच्या पटावर अशी किती नावे आहेत, एवढे जरी विचारले, तरी या इतिहासाचे वाचन सार्थकी लागेल.