पोथीचे वस्त्र

व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही महाभारताची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. आपला बाप्पा म्हणजे आद्य लेखनिक. मात्र लिहून झालेली पोथी कोणत्या कापडात बांधायची, ते कापड कोण शिवत असे, हा विचार माझ्या मनात कोलकात्याला आल्यावरच आला.

त्याला निमित्त झाली येथील दुकानांतली लाल वही. एप्रिलच्या मध्यात, ‘पोयला बैशाख’ला, बंगाली व्यापारी गणेश-लक्ष्मीची पूजा करून नवे हिशेब सुरू करतात. यालाच ‘हालखाता’ म्हणतात. पहिल्या पानावर शेंदूर लावलेल्या नाण्याचा ठसा उमटवतात. आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होते, तसेच हे. ही पारंपरिक वही लाल, जाड्याभरड्या सुती कापडात बांधलेली असते. त्या कापडाला ‘खेरो’ म्हणतात, म्हणून वही ‘खेरोर खाता’. कापडी वेष्टन पुठ्ठ्यासारखे मोडत नाही आणि वही गुंडाळून दोरीने बांधता येते.

ही झाली दुकानातली वही. घरातल्या पोथीचे वस्त्र मात्र बायकांच्या हातचे असे. बंगालची ‘काँथा’ ही आपल्या गोधडीची, वाकळेची सख्खी बहीण. वापरून मऊ झालेल्या साड्या व धोतरे एकावर एक अंथरायची, साडीच्या काठातून रंगीत दोरे ओढून काढायचे आणि साध्या धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवायचे. मधोमध कमळ, कोपऱ्यांत झाडे किंवा कोयऱ्या. पांघरायची काँथा वेगळी, आरसा-फणी गुंडाळायची वेगळी; आणि पोथ्या व मौल्यवान वस्तू बांधायच्या चौकोनी काँथेला ‘बायतन’ किंवा ‘बोस्तानी’ असे नाव आहे. आपण ज्याला बासन म्हणतो, तेच हे. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये काँथेवर लेख लिहिला आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले.

इथे एक गोष्ट मनाला लागते. पोथीचे वस्त्र शिवणाऱ्या हातांना पोथी वाचण्याची मुभा बहुधा नसे. पहिले बंगाली आत्मचरित्र लिहिणाऱ्या राससुंदरी देवी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जन्मल्या. बाईने अक्षर शिकणे तेव्हा निषिद्धच. पंचविशीतल्या या गृहिणीने ‘चैतन्य भागवता’च्या पोथीतले एक सुटे पान काढून स्वयंपाकघरात लपवले आणि मुलाच्या अक्षरांशी ताडून पाहत ती वाचायला शिकली. त्याच शतकातल्या मानदासुंदरी दासी यांची काँथा गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात आहे. वडिलांसाठी ही आपण स्वहस्ते केली, असे तिने टाक्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणून तिचे नाव आपल्याला कळते. बाकी असंख्य काँथांवर शिवणारीचे नाव नाही.

आपल्याकडचे चित्र फार निराळे नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले. त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. हजारो रुमाल! त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. कागद असे जपले गेले, त्यात कापडाचाही वाटा आहे. आपण मात्र ‘प्रकरण बासनात गेले’ असे म्हणून बासनाला बदनामच केले!

अलीकडे हस्तकलेच्या प्रदर्शनांत काँथा-टाक्याच्या वेष्टनाच्या डायऱ्या दिसतात. शेजारच्या बौदींकडून टाका शिकून मीही एक वही केली. जुन्या सुती साडीचे तीन थर, त्यावर धावदोरा; हातकागदाचे ताव दुमडून त्यांच्या जुड्या केल्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने त्या कापडाच्या पाठीला शिवल्या. बंद म्हणून साडीच्याच काठाची नाडी. कापड सुती आणि बरेच धुतलेले हवे, नाहीतर सुई चालत नाही. काम सावकाश होते. हात चालू असताना गप्पाही होतात, आणि त्या गप्पांत बौदींच्या आजी आणि माझी आजी दोघीही येऊन बसतात.

मंडळातील भगिनींना आणि आपल्या बंगाली सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या उत्सवाच्या जमाखर्चासाठी अशी एक वही आपण मिळून शिवू या. आणि ज्यांच्या घरी आईची, आजीची गोधडी, वाकळ किंवा काँथा असेल, त्यांनी तिच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव आणि गाव दोऱ्याने घालून ठेवावे. नाव आठवणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

गणपती बाप्पा मोरया!