असईचा सेनानी आणि बॅटरसीचे द्वंद्व
१८०३ साली असईच्या रणांगणात मराठी तोफांना सामोरा गेलेला वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक व इंग्लंडचा पंतप्रधान झाला. कॅथलिकांच्या हक्कांवरून लॉर्ड विंचिल्सीने त्याच्या हेतूविषयी जाहीर संशय घेतला. तेवढ्यासाठी २१ मार्च १८२९ रोजी बॅटरसीच्या माळावर दोघांनी पिस्तुले रोखली! ड्यूकची गोळी हुकली. विंचिल्सीने आकाशात बार काढला आणि लेखी क्षमा मागितली. लंडनच्या चित्रकारांनी जलरंगांनी रंगविलेल्या व्यंगचित्रांतून या प्रसंगाची यथेच्छ टर उडविली. द्वंद्व हा कायद्याने गुन्हाच होता. परंतु अपमान गिळणाऱ्यास समाज भ्याड म्हणे. तोफांना न डगमगलेला सेनानी या लोकापवादापुढे मात्र नमला. अखेर १८४४ साली ब्रिटिश लष्करी नियमांनीच सांगितले की, चुकल्यास क्षमा मागणे हे मानी पुरुषाला शोभणारेच आहे. व्यंगचित्रांनी हसविलेल्या रूढीचा दरारा तोवर पुष्कळच ओसरला होता.