बेवारस मनोरुग्णांचे तातडीचे उपचार (केडगाव–अहिल्यानगर परिसर)

केडगाव : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे पुणे रस्त्यावरील उपनगर; रेणुकामाता मंदिरासाठी प्रसिद्ध. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव दौंड तालुक्यातले, ते वेगळे. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी इथून जवळचे येरवड्याचे, सुमारे १२० किलोमीटरवर. त्यामुळे हमरस्त्यावर भ्रमिष्ट अवस्थेत सापडलेल्या माणसाचे पहिले काही तास पोलीस आणि जवळचा सरकारी दवाखाना यांच्याच हाती असतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेतल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर व्यक्ती असल्यास हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणे पोलिसांचेच काम. कलम ९४ प्रमाणे जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तास तातडीचे उपचार देऊ शकतो. मात्र विजेचे झटके हा तातडीचा उपचार म्हणून देता येत नाही. साखळदंडाला तर कायद्यात कुठेच जागा नाही.

इथे खरी कसोटी निदानाची. बडबड, भास, अंगावर धावून जाणे हे सगळे मनोविकाराचेच असेल असे नाही. रक्तातली साखर उतरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, दारू एकदम तुटणे यांतही माणूस असाच वागतो. शेतीच्या औषधाने विषबाधा झालेल्या रुग्णाला दिलेले अॅट्रोपिन जास्त झाले तरी तो बरळू लागतो. म्हणून ताप, नाडी, साखर, जखमा आणि स्त्री असल्यास गर्भधारणा तपासल्याशिवाय गुंगीचे इंजेक्शन देऊन मोकळे होणे धोक्याचे आहे. मळलेल्या कपड्यांकडे पाहून ही तपासणी टाळली जाते, हा अन्याय आहे.

दुसरी अडचण सहीची. सोबत कोणी नाही म्हणून दाखल करून घ्यायला खळखळ होते. वास्तविक कलम १४ ने ही वाट आधीच मोकळी केली आहे : मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता नामनिर्देशित प्रतिनिधी होऊ शकतो.

जिल्ह्यात अशा स्त्रियांचा मोठा आधार म्हणजे शिंगवे नाईक येथील माउली सेवा प्रतिष्ठान. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने १९९८ मध्ये ते सुरू केले. आधी घरून डबे नेऊन रस्त्यावरच्या माणसांना जेवू घालणे, मग बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी कायमचे घर, असा हा प्रवास. २०१६ मध्ये हाँगकाँगच्या रोटरीचा आंतरराष्ट्रीय मानवसेवा पुरस्कार त्यांना मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रुग्ण बरा करून घरी पोहोचवण्यावर भर देते. पण घरानेच दार लावलेल्या बाईला राहण्याची जागाच लागते, आणि ‘माउली’चे मोल तिथे आहे.

रस्त्यावरच्या अत्याचारातून गरोदर राहिलेल्या स्त्रियांची मुलेही ‘माउली’त वाढतात. कायद्याचे कलम २१ याला धरूनच आहे : उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडायचे नाही, धोक्यामुळे तोडावे लागलेच तर त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करायचा.