ऑफिसातली वकिली

वकिलीविषयी एक मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते कोणी मुद्दाम मांडत नाही, सगळे ते धरूनच चालतात. वकिलाची कसोटी न्यायालयात उभे राहून बोलण्यात असते. डायरी भरणे, फायली लावणे, नकला काढणे, टपाल नोंदवणे, हिशेब ठेवणे हे सगळे कारकुनी काम. ते कोणीही करावे आणि शक्य तितक्या कमी पैशांत करून घ्यावे. अलीकडे या मताला आणखी जोर आला आहे. ई-फायलिंग आले, तारखा मोबाइलवर दिसू लागल्या, मसुदे यंत्र लिहून देऊ लागले. तेव्हा वकिलाच्या कारकुनाची गरजच संपली, असे नव्याने सनद घेतलेले वकीलही म्हणू लागले आहेत.

या मतात तथ्य नाही असे म्हणून ते बाजूला सारता येणार नाही. त्याच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. पहिली, कायदा ऑफिसच्या चुकांकडे उदारपणे पाहतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला देऊ नये असे म्हटले, आणि १९८७ साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात विलंबाचा विचार व्यवहारी, उदार दृष्टीने करावा असे सांगितले. दुसरी गोष्ट तंत्रज्ञानाची. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. आज तालुक्याच्या न्यायालयातला दावासुद्धा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून कुठेही बसून पाहता येतो. तिसरी गोष्ट पैशाची. नरिमन पॉइंटच्या फर्मला ऑफिस मॅनेजर परवडतो. बार रूममध्ये एका टेबलावर काम चालवणाऱ्या वकिलाला परवडत नाही.

यातली सर्वांत भक्कम वाटणारी गोष्ट पहिली आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत कच्ची आहे. विलंब माफ होतो हे सर्वसाधारण अपिलां-अर्जांपुरते खरे आहे. पण गेल्या काही दशकांत जे कायदे झाले त्यांनी माफीची दारे एकेक करून बंद केली आहेत. लवाद अधिनियम, १९९६ चे कलम ३४ पाहा. लवाद निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, सबळ कारण असेल तर वर तीस दिवस, त्यानंतर नाही. मुदत अधिनियमाचे कलम ५ तिथे लागत नाही, हे २००१ साली पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या निकालात ठरले. त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो हे आसाममधल्या नागरी पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात दिसते. निवाडा मंडळाच्या हाती आला २६ ऑगस्ट २००३ रोजी. तीन महिने संपले २६ नोव्हेंबरला, वरचे तीस दिवस २६ डिसेंबरला. पण २५ डिसेंबर ते १ जानेवारी न्यायालयाला नाताळची सुट्टी होती. मंडळाने न्यायालय उघडताच, २ जानेवारी २००४ रोजी, अर्ज दाखल केला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, हा मुदत अधिनियमाच्या कलम ४ चा नियम कोणत्याही वकिलाला तोंडपाठ असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की कलम ४ चे संरक्षण ‘विहित मुदतीला’ आहे, विहित मुदत तीन महिन्यांची आहे, आणि वरचे तीस दिवस त्यात येत नाहीत. अर्ज मुदतबाह्य ठरला. निवाडा बरोबर होता की चूक, हे तपासण्याची वेळच आली नाही. कितीही नामांकित वकील उभा केला असता तरी त्याला तिथे बोलायला काही उरले नव्हते. या खटल्याचा निकाल एका अर्थी २००३ च्या नोव्हेंबरमध्येच, फाइल ज्या टेबलावर पडून होती तिथे लागला.

आणि ही मुदत मोजायची कुठून? निवाड्याची सहीची प्रत पक्षकाराच्या हाती पडल्या दिवसापासून, हे महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या प्रकरणात २०११ साली ठरले आहे. म्हणजे आवक नोंदवहीतली एक तारीख. ती कोणी लिहिली, लिफाफा जपून ठेवला की फेकून दिला, यावर एखाद्या पक्षकाराचे कोट्यवधी रुपये अवलंबून असू शकतात. वाणिज्यिक दाव्यात कैफियत दाखल करायला समन्स बजावल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात. ते गेले की कैफियतीचा हक्कच जातो. साध्या दिवाणी दाव्यात ती मुदत न्यायालय वाढवू शकते. तेव्हा हातात आलेला दावा कोणत्या जातीचा आहे, हे समन्स घेताना ऑफिसातल्या माणसाला कळले पाहिजे.

धनादेश न वटल्याची प्रकरणे तर प्रत्येक तालुक्यात ढिगाने आहेत. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस. ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर न्यायालय तो माफ करू शकते. नोटिशीचा उशीर माफ करण्याची तरतूदच नाही. पंधरा दिवस पुरे होण्याआधी घाईने केलेली फिर्याद कायद्याने फिर्यादच नव्हे, असे २०१४ साली ठरले. या साखळीत युक्तिवाद कुठेच नाही. आहे ती बँकेच्या मेमोवरची तारीख, टपालाची पावती, आणि नोटीस कधी पोचली याचा पुरावा.

इथे यंत्राची गोष्ट येते. मोबाइलवर जी तारीख दिसते ती न्यायालयाने दिलेली पुढची तारीख असते. वर सांगितलेल्या तारखांपैकी एकही न्यायालय देत नाही. त्यांतल्या बऱ्याच तर दावा अजून जन्मालाच आलेला नसतो तेव्हा धावत असतात. कॅव्हेट नव्वद दिवसांनी संपते, हे कोणते अॅप वकिलाला आपणहून सांगणार? नक्कल मिळवायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण नक्कल तयार झाल्यानंतर ती आणायला केलेला उशीर वगळला जात नाही. नक्कल हातात पडली की अर्ज केव्हा केला आणि ती तयार केव्हा झाली, या तारखा आधी वाचणारा कारकून मुदत कायद्याचे कलम १२ रोज राबवत असतो. त्या कलमाचा आकडा त्याने कधी ऐकलेला नसेल, पण काम तो वकिलाचेच करतो.

ई-फायलिंगने काम कमी झाले हेही अर्धेच खरे आहे. नुसती टाइप करण्याची, कार्बन घालून प्रती काढण्याची मेहनत गेली, ते चांगलेच झाले. खिडकीपाशी ओळख लावून काम पुढे सरकवण्याची गरज जिथे कमी झाली, तिथे तर हा मोठाच लाभ आहे. पण कागद स्कॅन करताना पान उलटे गेले, अनुक्रमणिका आणि पृष्ठांक जुळले नाहीत, जोडपत्र वाचता येत नसेल, तर हरकत निघतेच. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण आधी स्टॅम्प नंबरवर राहते, हरकती काढल्यावर त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. दिलेल्या मुदतीत हरकती काढल्या नाहीत तर प्रकरण नोंदलेच जात नाही. अनेक पक्षकारांना वाटत असते की आपले प्रकरण न्यायाधीशांपुढे पडून आहे, आणि ते प्रत्यक्षात वकिलाच्या ऑफिसात पडून असते.

ऑफिसच्या कामाला कमी लेखणारे हे मत मुंबईने तरी मानू नये, असे मला फार वाटते, कारण या शहराला दुसरी परंपरा आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत दीर्घकाळ दुहेरी पद्धत होती. सॉलिसिटर पक्षकाराला भेटे, कागद जमवी, पत्रव्यवहार करी, ब्रीफ तयार करी. कौन्सेल ती घेऊन न्यायालयात बोले. खटल्याची तयारी ही वकिलीची एक स्वतंत्र शाखा आहे, तिची वेगळी परीक्षा आहे, वेगळी प्रतिष्ठा आहे, हे त्या रचनेतच मान्य होते. फोर्टमधल्या सॉलिसिटर फर्ममध्ये मॅनेजिंग क्लार्क असत. कोणता अर्ज कोणत्या खात्यात, कोणत्या नमुन्यात, हे नव्या वकिलांना तेच शिकवीत. १९७७ च्या आरंभापासून कायद्याने ही दुहेरी पद्धत संपली. दोन्ही कामे एकाच वकिलाच्या शिरावर आली, पण मान मात्र बोलण्याच्या कामाकडे गेला. माझ्या मते आजच्या गैरसमजाचे मूळ इथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मात्र हा गैरसमज ठेवलेला नाही. त्याच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे अॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड व्हायचे तर दिल्लीत न्यायालयापासून सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस असावे लागते आणि नोंदणी झाल्यापासून एका महिन्यात नोंदणीकृत कारकून नेमण्याची हमी द्यावी लागते. परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नाही. ऑफिस आणि कारकून नसेल तर प्रकरण दाखल करण्याचा अधिकार नाही.

पैशाचा प्रश्न राहिला. पक्षकाराचे पैसे किती आले, खर्च किती झाला, फी म्हणून किती वळते केले, हे तारीखवार लिहून ठेवणे बार कौन्सिलच्या नियमांनी प्रत्येक वकिलावर बंधनकारक केले आहे, मग त्याचे टेबल एक असो की मजले चार. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल वकीलवर्गाने समाधानाने स्वीकारला. त्या वादाचे मूळ फारसे कोणी वाचत नाही. धनादेशाच्या फिर्यादीत समोरच्याने दिलेली रक्कम वकिलाच्या हाती आली आणि ती पक्षकाराला वेळेवर मिळाली नाही, अशी ती तक्रार होती. चुकीच्या युक्तिवादाची तक्रार नव्हती. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही २००० साली ठरले आहे. मग फायलीत कोणते मूळ कागद आहेत याची यादी पहिल्याच दिवशी करून तिच्यावर पक्षकाराची सही घ्यायला हवी. याला खर्च एका कागदाचा येतो.

लहान वकिलाला हे परवडत नाही, हे म्हणणे म्हणूनच उलट्या टोकाने सुरू होते. मोठ्या फर्ममध्ये एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला पडते. एकट्या वकिलाला ती दुसरी नजर नसते, म्हणून व्यवस्थेची गरज त्याला अधिक. मुदतींची स्वतंत्र वही, आवक-जावक नोंद, पक्षकारवार हिशेब, आणि एकाने मोजलेली मुदत दुसऱ्याने तपासण्याचा रिवाज, इतके कुठल्याही तालुक्यात जमते. चार-पाच वकिलांनी मिळून एक जाणता कारकून ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहेच. फक्त त्याला दर तारखेला पक्षकाराकडून मिळणाऱ्या सुट्ट्या पैशांवर जगवण्याऐवजी ठरलेला पगार द्यावा. वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा कायदा तमिळनाडूने १९९९ साली आणि केरळने २००३ साली केला. या माणसांचे म्हातारपण हा सार्वजनिक विषय आहे, हे त्या राज्यांनी ओळखले.

विधी महाविद्यालयांनाही यात बाजूला राहता येणार नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या शिक्षण नियमांत व्यावसायिक नीती आणि हिशेबपद्धती असा सक्तीचा विषय आहे. त्यातला नीतीचा भाग शिकवला जातो, हिशेबाचा बहुतेक ठिकाणी उरकला जातो. त्या विषयाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यापुढे एक खरीखुरी गुंतागुंतीची फाइल ठेवावी: बँकेचा मेमो, परत आलेला लिफाफा, नकलेवरचे शिक्के, मधली दिवाळीची सुट्टी. शेवटचा दिवस कोणता, हे त्याने कॅलेंडर घेऊन काढून दाखवावे, आणि त्याचे उत्तर तपासायला परीक्षकाच्या शेजारी जिल्हा न्यायालयातला एखादा जुना कारकून मानधन देऊन बसवावा.