डांबर तापल्यावर त्यातून काय निघतं आणि ते ओळखतात कसं?

मागच्या उन्हाळ्यात हिंगोलीहून कळमनुरीला जाताना रस्त्यावर डांबरीकरण चालू होतं. वास आला तसा भाच्याने मोबाईल बाहेर काढला. "मामा, यात कोणता गॅस आहे ते सांगणारं ॲप आहे का?"

नाही. फोनमध्ये कॅमेरा, माईक, जीपीएस असतं, पण वास ओळखणारा सेन्सर नसतो. मग प्रयोगशाळेत कसं ओळखतात?

आधी एक गोंधळ मिटवू

आपण दोन वेगळ्या गोष्टींना डांबर म्हणतो. रस्त्यावर आज सहसा पडतं ते बिटुमेन, म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढल्यावर उरलेला गाळ. कोलटार वेगळं. दगडी कोळसा हवेशिवाय तापवून कोक बनवताना ते मिळतं. अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे कार्बनच्या कड्या असलेली संयुगं यात भरपूर असतात. कपाटातली नॅप्थलीनची डांबरगोळी मूळची यातलीच.

पायरी १: उकळबिंदू

कोलटार हळूहळू तापवलं की संयुगं साधारण या क्रमाने वेगळी होतात (अंश सेल्सिअस):

- बेंझिन: ८०
- टोल्युइन: १११
- फिनॉल: १८२
- नॅप्थलीन: २१८
- अँथ्रासीन: ३४०

पायरी २: जीसी-एमएस मशीन

यात वाफ एका लांब, बारीक नळीतून जाते. प्रत्येक संयुग आपापल्या वेळेला बाहेर पडतं. मग मशीन त्याच्या रेणूचं वजन मोजतं. बेंझिन ७८, नॅप्थलीन १२८. पण अँथ्रासीन आणि फेनान्थ्रीन दोघांचंही १७८! नुसतं वजन बघितलं तर फसलात. म्हणून बाहेर पडण्याची वेळही जुळवावी लागते.

हे घरी करू नका

कोलटारमधून बेंझिन वेगळं करण्याची पद्धत चार्ल्स मॅन्सफील्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने बसवली. १८५५ मध्ये हेच काम करताना आग लागली आणि भाजून त्याचा जीव गेला. शिवाय बेंझिन आणि कोलटार, दोन्हींमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. डांबरगोळ्याही लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेल्या तर काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

रस्त्यावरच्या बिटुमेनचा धूरही छातीत भरून घेण्यासारखा नाही. तिथे रील काढायला थांबू नका. वास ओळखीचा वाटला तरी आत काय आहे, हे नाकाला कळत नाही.