उष्टी पत्रावळ कोणी उचलायची?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका डोंगरावर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा राजा बख्तबुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. मरणाची शिक्षा झालेल्या कैद्यांना आतल्या विहिरीचे सडके पाणी पाजीत, असे सांगतात. खाण्यापिण्यातून मरण येऊ शकते, हे आपल्या लोकांना कळण्यासाठी कुठल्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नव्हती.

त्यावरचा आपला जुना उपायही रानातच होता. पळसाला पाने तीनच. पण ती चांगली तळहाताहून मोठी. बारीक काड्यांनी टाचली की पत्रावळ झाली, दुमडली की द्रोण झाला. जेवण झाले की फेकून द्यावे. धुणे नाही, म्हणून धुण्याच्या गढूळ पाण्याची भीती नाही. उरलेसुरले गुरांनी खावे, बाकीच्याचे खत व्हावे. ‘एकदाच वापरायची वस्तू’ म्हणून आज जिचा बोलबाला आहे, ती आपल्या पंगतीत शतकानुशतके मांडलेली होती.

पण वाचकहो, पत्रावळ फेकण्यामागे केवळ स्वच्छता नव्हती, विटाळही होता. उष्ट्याला शिवायचे कोणी, हा खरा प्रश्न. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा कीर्तनात ऐकताना साऱ्यांच्या माना डोलत. कीर्तन संपून पंगत उठली, की पत्रावळी उचलायला मात्र पंगतीत ज्यांना जागा नव्हती तेच येत. आणि पुष्कळदा त्या पत्रावळीत उरलेले हेच त्यांचे जेवण असे.

चहाची दुकाने आली तेव्हा हाच विटाळ कपात उतरला. काहींसाठी कप वेगळा, तोही बाहेर ठेवलेला आणि ज्याचा त्याने विसळायचा. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने उपाहारगृहाचे दार सर्वांना मोकळे केले. ते घडविणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. दुसऱ्याच वर्षी, १९५५ साली, अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा झाला. त्यात सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. एका कपासाठी संसदेला कलम लिहावे लागले!

तिकडे अमेरिकेत कपाचा प्रश्न निराळ्या वाटेने आला. आगगाडीत, शाळेत पाण्यापाशी एकच पेला असे आणि येईल तो त्यानेच पाणी पिई. क्षयासारखे रोग त्यातून पसरतील या भीतीने कॅन्सस राज्यात डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांनी १९०९ साली असा सामाईक पेला बंद करविला. त्याच सुमारास निघालेल्या कागदी पेल्याचे मग फावले. तिथे भीती जंतूंची होती, इथे माणसाची. पण वापरून फेकण्याची युक्ती एकच.

पुढे आपल्याकडेही थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले आले. हलके, स्वस्त, धुण्याची कटकट नाही. कपाला जात राहिली नाही, हा लाभ खराच. पण पळसाचे पान मातीत जाते, हे जाईना. गटारे तुंबली, अन्नाच्या वासाने गुरे ते खाऊ लागली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अशा वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद झाले. अन्नवेष्टनाच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यासही मनाई केली, कारण छपाईची शाई तेलकट भज्यांबरोबर पोटात जाते. कागदी पेल्याच्या आतही बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतोच. नुसते ‘कागदी’ म्हणून निश्चिंत होऊ नये.

म्हणजे कायदा दोन प्रश्न विचारतो : अन्नाला काय लागते, आणि फेकल्यावर त्याचे काय होते? त्या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा आहे, तो उचलणारा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी शंभरांहून अधिक माणसे जमविणाऱ्यावरच कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे उष्ट्याचा धनी यजमान, हे निदान कागदावर आले.

आता दिवाळी सरेल, तुळशीचे लग्न लागेल आणि घरोघर लग्नांच्या याद्या होतील. आचारी ठरेल, पत्रावळी सांगितल्या जातील. त्याच यादीत आणखी एक ओळ घालावी : पंगत उठल्यावर पत्रावळी कोण उचलणार आणि कुठे नेणार. तिथे घरच्याच चार तरुणांची नावे असली, तर कीर्तनातली ती कथा आपण नुसती ऐकली नाही, असे म्हणता येईल.